बालवाडीच्या उंबरठ्यावर पहिले अपत्य

संतती ही अल्लाहची देणगी आहे आणि अमानतही आहे. देणगी म्हणून तिच्याबद्दल कृतज्ञता बाळगावी आणि अमानत म्हणून तिच्याविषयी एक दिवस जाब द्यावा लागणार आहे याचे भान ठेवावे, ही दोन्ही कर्तव्ये मातापित्यांवर एकाच वेळी येतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक माणसाला राखणदाराची उपमा दिली आणि ज्याच्या स्वाधीन जे केले आहे त्याविषयी त्याला विचारणा होईल, असे बजावले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या या हदीसमध्ये पुरुषाबरोबर स्त्रीचाही आपल्या घराची व मुलांची राखणदार म्हणून स्वतंत्र उल्लेख आहे.

मूल घरातच असते तोवर ही राखण सोपी वाटते. परंतु एक सकाळ अशी येते की ते मूल आपल्या हाताने दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. पहिल्या अपत्याच्या बाबतीत तर ही सकाळ त्याच्याइतकीच आईवडिलांनाही नवीन असते. या पाठात आपण त्याच सकाळीचा विचार करणार आहोत. मुलाने काय शिकावे, यापेक्षा त्या दिवशी पालक मुलाला काय शिकवतात, हा या पाठाचा विषय आहे.

किनाऱ्यावरील एक घर

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला हरिहरेश्वर आहे. सावित्री नदीचे मुख तेथून जवळच. पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट. हरिहरेश्वर हे तेथील मंदिरामुळे सर्व महाराष्ट्राला ठाऊक असलेले गाव आहे, आणि श्रीवर्धन, बोर्ली पंचतन, म्हसळा या त्याच्या परिसरात कोकणी मुसलमानांची वस्ती पिढ्यान्पिढ्या नांदत आहे. या पट्ट्यातील असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा, जेथे थोरले मूल या जून महिन्यात अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाणार आहे.

वडील कदाचित आखातात किंवा जहाजावर असतील. मुलाचे पहिले दप्तर ते मोबाईलच्या पडद्यावरच पाहतील. मासेमारी करणारे घर असेल तर पावसाळी मासेमारीबंदीमुळे जून आणि जुलैमध्ये यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि त्या घरच्या मुलाला वडिलांचे बोट धरून जाण्याचे भाग्य लाभते. बाहेर पाऊस कोसळत असतो. घरात धाकटे भावंड रांगत असते. आजी म्हणते, “एवढ्या लवकर कशाला धाडता?” आणि आईला मनातून तेच वाटत असूनही ती मुलाच्या पायात पावसाळी चपला चढवते.

आता उंबरठ्यावर प्रश्न उभे राहतात. मूल रडले तर काय करावे? त्याची नजर चुकवून निघून यावे का? शिकवणाऱ्या बाई आपल्या धर्माच्या नाहीत, तर मुलाच्या दीनचे काय? मकतबचे काय? घरात बोली एक, मकतबमध्ये उर्दू, बालवाडीत मराठी. मूल गोंधळणार नाही का? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत, आणि त्यांची उत्तरे आपल्या दीनने मोकळी सोडलेली नाहीत.

बालवाडी म्हणजे काय

आधी या व्यवस्थेची थोडी ओळख करून घेऊ, कारण ज्याची ओळख नाही त्याची भीती अधिक वाटते. लहान मुलांसाठी स्वतंत्र शाळा असावी, ही कल्पना युरोपात जर्मन शिक्षक फ्रोबेल यांनी रुजवली. १८४० मध्ये त्यांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच ‘मुलांची बाग’ असा होतो. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. या कामात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या नावामागे ही गोष्ट आहे. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. तेथे ३ ते ६ वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षणाबरोबर पूरक आहार मिळतो, लसीकरण व आरोग्य तपासणीचीही सोय असते.

किनाऱ्यावरील वाचकांना ‘वाडी’ हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. सुपारीचे कोवळे रोप उघड्या उन्हात लावले तर करपते, म्हणून आपले वाडवडील त्याला केळीची सावली देत आले. ते रोप फळाला येण्यास अनेक वर्षे लागतात आणि बागाईतदार त्याची घाई करीत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा पुन्हा रोपापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे या भागाने पाहिले आहे. बालवाडीकडे याच दृष्टीने पाहावे. तीन-चार वर्षांच्या मुलाने तेथे जाऊन लगेच पाढे म्हणावेत, इंग्रजी कविता पाठ करून पाहुण्यांना ऐकवावी, ही अपेक्षा म्हणजे रोपाकडे फळ मागणे होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षांचा काळ पायाभूत मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. आपल्या दीनमध्येही वयाचा हा विचार आहे. नमाजसारख्या श्रेष्ठ उपासनेविषयीसुद्धा मुलांना आज्ञा करण्याचे वय अबू दाऊदमधील हदीसमध्ये सात वर्षे सांगितले आहे. त्याआधीची वर्षे पाहण्याची, अनुकरणाची आणि लाडाची आहेत.

मूसा (अ.) यांच्या मातेची शिकवण

पवित्र कुरआनमध्ये मुलाला आपल्यापासून दूर करण्याचा सर्वांत कठीण प्रसंग सूरह अल-कससमध्ये आला आहे (२८:७-१३). फिरऔनचे सैनिक बनी इस्राईलच्या नवजात मुलग्यांची हत्या करीत असताना अल्लाहने हजरत मूसा (अ.) यांच्या मातेला प्रेरणा दिली की, बाळाला दूध पाज आणि भय वाटू लागले की त्याला नदीत सोड, भिऊ नकोस, दुःखी होऊ नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू.

येथे थोडे थांबून विचार करा. अल्लाहचे वचन मिळालेले असूनही त्या मातेचे हृदय रिते झाले, असे कुरआन सांगतो. अल्लाहने तिचे मन घट्ट केले नसते तर तिने आपले रहस्य उघड करून टाकले असते. याचा अर्थ असा की, मुलाला दूर करताना आईच्या जिवाची घालमेल होणे हा ईमानचा कमकुवतपणा नव्हे. बालवाडीच्या दारातून परतताना पदराने डोळे पुसणाऱ्या आईला कोणी हसू नये.

दुसरी गोष्ट अशी की, त्या मातेने केवळ वचनावर विसंबून हातावर हात ठेवले नाहीत. तिने मूसा (अ.) यांच्या बहिणीला त्यांच्या मागावर पाठवले, आणि ती मुलगी कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने दुरून पाहत राहिली. विश्वासही ठेवला आणि नजरही ठेवली. तिर्मिजीमधील प्रसिद्ध हदीसमध्ये उंटाला आधी बांधावे व मग अल्लाहवर भिस्त ठेवावी, अशी शिकवण आहे. तिचेच हे जिवंत उदाहरण होय. आपल्या मुलाची बालवाडी कोठे आहे, तिला कुंपण आहे का, विहीर किंवा खाडी किती जवळ आहे, पिण्याचे पाणी कसे आहे, मुलाला घरी कोण आणणार, हे पाहणे म्हणजे उंट बांधणे आहे. ते केल्यावर दिवसभर घाबरत बसणे हे मात्र तवक्कुलला शोभणारे नाही.

हजरत याकूब (अ.) यांच्या वृत्तांतातही एक सूक्ष्म बोध आहे. यूसुफ (अ.) यांना भावांबरोबर पाठवताना त्यांनी लांडगा खाईल अशी भीती बोलून दाखवली (१२:१३), आणि पुढे भावांनी नेमके लांडग्याचेच निमित्त सांगितले. बापाच्या तोंडचा शब्दच मुलांनी उचलला, असे भाष्यकारांनी नमूद केले आहे. आपली भीती मुलासमोर उच्चारताना विचार करावा. “तिथे मुले मारतील, तू पडशील, बाई ओरडतील,” असे ऐकून गेलेले मूल तेथे तेच शोधत बसते.

रडणे आणि खोटे आश्वासन

पहिल्या दिवशी बहुतेक मुले रडतात. रडणे हा हट्ट समजून दटावणारे पालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीत पाहा. नमाज दीर्घ करण्याच्या इराद्याने ते उभे राहत आणि मागे एखाद्या बाळाचे रडणे कानी पडले की नमाज आटोपशीर करीत, कारण त्या रडण्याने त्याच्या आईच्या जिवाला किती यातना होत असतील हे त्यांना ठाऊक होते (बुखारी). ज्यांनी अल्लाहसमोर उभे असतानाही मुलाच्या रडण्याची दखल घेतली, त्यांच्या अनुयायांनी ते रडणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे बरे नव्हे.

परंतु रडणे थांबवण्यासाठी आपण जो उपाय करतो, तो अनेकदा रडण्यापेक्षा अधिक घातक असतो. “मी इथेच दाराबाहेर बसते,” असे सांगून आई घरी निघून जाते. “तू आत जा, मी चॉकलेट घेऊन येतो,” असे सांगून वडील दिसेनासे होतात. “ते बघ विमान,” म्हणत मुलाची नजर दुसरीकडे वळवली जाते, आणि मूल मागे पाहते तो दार रिकामे. आपल्याला वाटते, पाच मिनिटांचे काम झाले. मुलाच्या मनात मात्र एक धडा कोरला जातो: जगात ज्या दोन माणसांवर माझा सर्वाधिक भरवसा होता, त्यांचा शब्दही खरा नसतो.

अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (र.) यांनी आपल्या बालपणीची एक आठवण सांगितली आहे. प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसले असताना आईने त्यांना हाक मारली, की ये, तुला काही देते. प्रेषितांनी विचारले की काय देण्याचा विचार आहे. तिने खजूर देणार असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषितांनी तिला जाणीव करून दिली की, काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. लक्षात घ्या, मूल लहान होते, वस्तू एक खजूर होती, आणि हाक प्रेमाने मारलेली होती. तरीही मुलाशी बोललेले खोटे ते खोटेच ठरते.

म्हणून निरोप उघड घ्यावा. मुलाच्या उंचीला वाकून, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगावे की, मी आता घरी जात आहे. खाऊ खाऊन झाल्यावर, गाणे म्हणून झाल्यावर मी तुला न्यायला येईन. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण खाऊनंतर काय होते ते कळते. मग सलाम करावा आणि खरोखर निघावे. पुन्हा पुन्हा मागे वळून येऊ नये. आणि कबूल केलेल्या वेळी, पाऊस असो वा एसटीला उशीर झालेला असो, तेथे हजर असावे. तुम्हाला येणे शक्य नसेल तर कोण येणार ते सकाळीच सांगावे. मूल त्या दिवशी रडेल, कदाचित आठवडाभर रडेल. पण प्रत्येक दुपारी आईचा शब्द खरा ठरताना ते पाहील. सत्यवचन म्हणजे काय, हे त्याला नंतर पुस्तकातून शिकवावे लागणार नाही.

शिकवणाऱ्या बाई आपल्या धर्माच्या नसतील तर

हरिहरेश्वरसारख्या गावी अंगणवाडी सेविका बहुधा हिंदू भगिनी असणार. काही घरांत एवढ्या कारणाने मुलाला पाठवण्यास टाळाटाळ होते. बद्रच्या युद्धानंतरची घटना या बाबतीत मार्गदर्शक आहे. ज्या कैद्यांजवळ खंडणी देण्यास धन नव्हते, त्यांनी अन्सारच्या मुलांना लेखन शिकवावे, हीच त्यांची खंडणी ठरवण्यात आली (मुसनद अहमद). ते कैदी मुस्लिम नव्हते. काल-परवापर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. तरीही मदीनेच्या मुलांनी त्यांच्यापुढे बसून अक्षरे गिरवावीत, हे प्रेषितांनी योग्य मानले. मग जी शेजारीण आपल्या मुलाचे नाक पुसते, त्याला खिचडी भरवते, त्याचे वजन करून नोंद ठेवते, तिच्याविषयी आपल्या मनात कृतज्ञताच असली पाहिजे.

त्याच कथनात पुढे आणखी एक तपशील आहे, तोही विसरता कामा नये. एक मुलगा एके दिवशी रडत आपल्या वडिलांकडे आला. काय झाले असे वडिलांनी विचारले. शिक्षकाने मारले, असे त्याने सांगितले. ते ऐकताच वडील संतापले आणि त्या शिक्षकाकडे तू पुन्हा जायचे नाहीस, असे म्हणाले. त्यांनी मुलाला विचारले आणि त्याच्या सांगण्याला किंमत दिली, हे आपण घेण्यासारखे आहे. शिक्षक कोणत्याही धर्माचा असो, बालवाडीतला असो की मकतबमधला, मुलाची तक्रार ऐकून घेणे आणि शांतपणे शहानिशा करणे हे राखणदाराचे काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे. “मांस तुमचे, हाडे आमची,” असे म्हणून मूल शिक्षकाच्या स्वाधीन करण्याची जुनी रीत आता सोडलेली बरी.

राहिला दीनचा प्रश्न. तो बालवाडीवर ढकलताच येत नाही, कारण तीन वर्षांच्या मुलाची खरी दीनी शाळा घर आहे. जेवताना बिस्मिल्लाह, शिंक आल्यावर अल्हम्दुलिल्लाह, झोपताना दुआ, मुसल्ल्यावर आईशेजारी केलेला सजदा. हे दोन-तीन तासांच्या बालवाडीने पुसले जात नाही, आणि घरात नसेल तर कोणत्याही शाळेने येत नाही. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या पुत्राला उपदेश करतात, तेव्हा ‘माझ्या लाडक्या मुला’ अशा अर्थाचे संबोधन तीन वेळा येते (३१:१३, १६, १७). एकेश्वरत्वाची शिकवण त्या मायेच्या हाकेबरोबर दिली आहे, आणि ती देणारा बाप आहे. परगावी असलेल्या वडिलांनी रोज फोनवर मुलाला अशी हाक मारावी, त्याचा दिवस विचारावा. एवढे तर त्यांना निश्चित करता येते.

मकतब आणि भाषा

आपल्याकडे मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाहखानी करण्याची चाल अनेक घराण्यांत आहे. या विशिष्ट वयाचा आधार कुरआन व हदीसमध्ये नाही. ती एक परंपरा आहे. तिला धार्मिक बंधन मानू नये आणि तिच्यासाठी कर्ज काढून जेवणावळी घालू नयेत. मात्र विद्येची सुरुवात अल्लाहच्या नावाने व्हावी, हा तिचा गाभा पहिल्या वह्यीशी जुळणारा आहे, कारण ती वह्यी वाचण्याच्या आज्ञेने आणि पालनकर्त्याच्या नावाने सुरू होते (९६:१). तेव्हा बालवाडीच्या पहिल्या सकाळीही मुलाला मांडीवर घेऊन बिस्मिल्लाह म्हणवून घ्यावे. अलिफ शिकवणारी विद्या अल्लाहची आणि ‘अ’ शिकवणारी विद्या दुसऱ्या कोणाची, असा भेद मुलाच्या मनात उत्पन्न होऊ देऊ नये.

भाषेचीही भीती बाळगू नये. भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक असल्याचे कुरआन सांगतो (३०:२२), आणि प्रत्येक प्रेषित आपल्या समाजाच्या भाषेतच पाठवला गेला (१४:४). घरातील कोकणी बोली, मकतबमधील उर्दू आणि गावातील मराठी या तिन्ही भाषा लहान मूल आपापल्या जागी सहज वापरू लागते. गोंधळ होतो तो घरच्या बोलीची लाज बाळगून मोठी माणसे अर्धवट इंग्रजीत बोलू लागतात तेव्हा.

धाकट्याचा विचार

थोरले बालवाडीत जाऊ लागले की घराचे लक्ष त्याच्यावर एकवटते. नवे दप्तर, नवी बाटली, निघताना सर्वांचे मुके. धाकटे दारात उभे राहून हे पाहत असते. उलट थोरल्याला वाटते की, मला घराबाहेर काढले आणि आई धाकट्याजवळ राहिली. दोघांच्याही मनात एकाच वेळी काटा रुतू शकतो. हजरत नोमान बिन बशीर (र.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषितांना साक्षी होण्याची विनंती केली, तेव्हा सर्व मुलांना असेच दिले आहे का, असे प्रेषितांनी विचारले. उत्तर नकारार्थी येताच त्यांनी मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली (बुखारी, मुस्लिम). न्याय म्हणजे दोघांना एकसारखी वस्तू देणे एवढेच नव्हे. दुपारी थोरले परतल्यावर काही वेळ केवळ त्याचा असावा, आणि सकाळी ते गेल्यावर काही वेळ धाकट्याचा. “मोठा झालास ना, आता रडायचे नाही,” हे वाक्य थोरल्याला वारंवार ऐकवू नये. तोही तीन-चार वर्षांचाच आहे.

घरी करावयाचा अभ्यास

हा पाठ कुटुंबाने एकत्र बसून वाचावा आणि पुढील गोष्टी ठरवाव्यात.

१. बालवाडी सुरू होण्याआधी दोन-तीन वेळा मुलाला घेऊन तेथे जावे. सेविका व मदतनीस यांची ओळख करून घ्यावी.

२. मुलाला सोडणार कोण आणि आणणार कोण, हे निश्चित करावे व दिलेला शब्द पाळावा.

३. घरातील कोणीही बाईंची, मौलवी साहेबांची किंवा पोलिसाची भीती घालून मुलाला गप्प करणार नाही, असे आजी-आजोबांसह सर्वांनी ठरवावे.

४. निघताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ करावी. प्रेषित (स.) आपले नातू हसन व हुसैन (र.) यांच्यासाठी अल्लाहचा आश्रय मागत, आणि हजरत इब्राहीम (अ.) यांनीही आपल्या पुत्रांसाठी तसेच केले होते, असे त्यांनी सांगितले आहे (बुखारी).

५. परतल्यावर “काय शिकलास?” या प्रश्नाआधी “कोणाबरोबर खेळलास?” असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.

बंधू-भगिनींनो, आज जे मूल तुमचे बोट सोडताना रडत आहे, ते एक दिवस शिक्षणासाठी मुंबईला जाईल, नोकरीसाठी समुद्रापलीकडे जाईल. तेव्हा रडण्याची पाळी तुमची असेल, आणि परत येण्याचा शब्द त्याने द्यायचा असेल. तो शब्द कसा पाळायचा, हे ते आज बालवाडीच्या दारात उभे राहून तुमच्याकडून शिकत आहे.

हे आमच्या पालनकर्त्या, आमच्या मुलांना आमच्या डोळ्यांचा गारवा बनव. ती आमच्या नजरेआड असताना तू त्यांचे रक्षण कर. त्यांना शिकवणाऱ्या प्रत्येक हाताला तुझ्या कृपेने बरकत दे, आणि आम्हाला आमच्या मुलांशी खरे बोलण्याची सद्बुद्धी दे. आमीन.